एका घरातले चार खुबे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका असून माझे वय ४२ आहे. गेल्या काही महिन्यांपासून आमच्या घरात खुब्याच्या दुखण्याने मुक्कामच ठोकला आहे. सासूबाई (वय ७४) दहा दिवसांपूर्वी न्हाणीत घसरून बुडावर आपटल्या. भिंत धरून चालतात, म्हणजे हाड शाबूत असणार, असे समजून आम्ही त्यांना दवाखान्यात नेले नाही. गावातील एक जाणकार गृहस्थ रोज संध्याकाळी तेल लावून चोळून देतात. यजमान (वय ४३) टेम्पो चालवतात. चार महिन्यांपासून त्यांच्या उजव्या जांघेत कळ येते आणि आता त्यांना मांडी घालून जेवायला बसता येत नाही. सात वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांपासून लंगडतो, पण कुठे दुखते विचारले तर गुडघा दाखवतो. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला. मला स्वतःला डाव्या कुशीवर झोपवत नाही. आमच्या घराण्यातच खुब्याचा काही दोष आहे का? चौघांनाही चालेल असे एखादे तेल, गोळी किंवा व्यायाम सुचवावा, ही विनंती.

उत्तर : सप्रेम नमस्कार. पुढचे उत्तर सावकाश वाचा, पण त्याआधी एक काम करा. सासूबाईंना चोळणे आजपासून पूर्ण बंद करा, त्यांना चालवू नका आणि आज नाही तर उद्या सकाळी त्यांच्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. मुलाला याच आठवड्यात आणि यजमानांना याच महिन्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. तुमचे स्वतःचे दुखणे खरे आहे, त्रासाचेही आहे. परंतु या चौघांत थांबू शकेल असे तेवढे एकच आहे.

तुमच्या पत्रातील वर्णनावरून हा घराण्याचा दोष वाटत नाही. चार वेगवेगळ्या वयांच्या माणसांना बहुधा चार वेगवेगळे आजार झाले आहेत आणि ते शेजारी-शेजारी दुखत असल्यामुळे आपण त्यांना एकाच नावाने ओळखतो आहोत. चौघांना एकच तेल किंवा एकच गोळी मी सुचवणार नाही, कारण खुब्याच्या बाबतीत वय विचारल्याशिवाय निदानाकडे पहिले पाऊलही टाकता येत नाही. मूल, तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध अशा चौघांनी अगदी तेच वाक्य उच्चारले, तरी डॉक्टरच्या मनात चार निराळ्या याद्या उभ्या राहतात.

वयाच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो तो नेमक्या जागेचा. ‘खुबा दुखतो’ असे म्हणताना माणसे हात कुठे ठेवतात, ते मी नेहमी पाहतो. कोणी पाठीमागे कुल्ल्यावर ठेवतो, कोणी कमरेच्या बाजूला, जिथे हाड हाताला लागते तिथे बोट रोवतो, तर कोणी अंगठा मागे आणि बोटे पुढे जांघेकडे वळवून जणू आख्खा सांधाच पंजात धरून दाखवतो. हा तिसरा हात खऱ्या खुब्याच्या सांध्याचा. मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा वरचा गोल भाग कमरेच्या हाडातील वाटीत बसून हा सांधा तयार होतो. तो आपल्या समजुतीपेक्षा बराच पुढे आणि खोल असतो; त्यामुळे त्याचे दुखणे प्रामुख्याने जांघेत जाणवते आणि तिथून मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते. मागे कुल्ल्यात दुखत असेल, तर त्याचे मूळ पुष्कळदा पाठीच्या मणक्यात किंवा माकडहाडाच्या वरच्या अंगाला असलेल्या सांध्यांत सापडते. बाहेरच्या बाजूचे दुखणे बहुधा सांध्याचे नसून त्यावरून जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांचे असते. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, पण तुमचे पत्र वाचताना मला त्याचाच आधार झाला.

आता सासूबाईंविषयी. ‘चालता येते म्हणजे हाड मोडलेले नाही’ हा समज फार जुना आहे आणि याच समजापायी मी अनेक वृद्ध स्त्रियांचे नुकसान झालेले पाहिले आहे. मांडीच्या हाडाचा चेंडू आणि खालचा दांडा यांना जोडणारी एक बारीक मान असते. साठी-सत्तरीनंतर, विशेषतः पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांत, ही मान ठिसूळ होते आणि साध्या घसरण्यानेही मोडते. बऱ्याचदा मोडलेली टोके एकमेकांपासून सरकतात; तेव्हा पाय आखूड होतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडते आणि माणसाला उठताच येत नाही, त्यामुळे कोणालाही शंका उरत नाही. परंतु काही वेळा मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात. अशी बाई काठी धरून, भिंत धरून चालते, जांघेत दुखते एवढेच म्हणते, आणि घरचे लोक मुका मार समजून शेक देत राहतात. या रुतलेल्या अवस्थेत हाड पकडले गेले, तर एका छोट्या शस्त्रक्रियेत दोन-तीन स्क्रू बसवून ते जागच्या जागी राखता येते. चोळण्याने, पाय ओढण्याने किंवा नुसत्या चालण्याने ते एकदा सरकले, की चेंडूला रक्त पुरवणाऱ्या, त्या मानेवरूनच वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या फाटण्याचा धोका असतो. मग पुष्कळ वेळा चेंडू काढून कृत्रिम चेंडू बसवावा लागतो. दहा संध्याकाळच्या मालिशीने काय होऊ शकते, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. त्या गृहस्थांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. पण पडलेल्या वृद्ध माणसाला एक्स-रे झाल्याशिवाय कोणीही हात लावू नये, हे त्यांनाही माझ्या वतीने सांगा.

एक्स-रेसाठी नेताना त्यांना शक्यतो आडवे न्यावे. घरचा टेम्पो आहे, तर मागे गादी घालावी, दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवावी आणि खड्ड्यांचा रस्ता सावकाश पार करावा. तिथे पोचल्यावर ‘दोन्ही खुबे आणि पूर्ण कटिभाग’ एकाच फिल्मवर घ्यायला सांगा, म्हणजे डावे-उजवे ताडून पाहता येते. एक्स-रे स्वच्छ आला तरी जांघेतील दुखणे आणि पाय सरळ उचलता न येणे कायम असेल, तर तिथेच समाधान मानू नका. बारीक चीर साध्या एक्स-रेत न दिसता एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसते. कदाचित खुब्याचे हाड शाबूत असून कटिभागाच्या पुढच्या कमानीला चीर गेलेली असेल. तसे असेल तर तो दिलासाच, कारण ती बहुधा शस्त्रक्रियेविना, विश्रांतीने आणि वॉकरच्या आधाराने काही आठवड्यांत भरून येते.

हाड मोडल्याचे निष्पन्न झाले, तर घरात एक वाक्य हमखास ऐकू येईल : ‘आता या वयात ऑपरेशन कशाला, त्यांना झेपणार नाही.’ माझा अनुभव याच्या उलट आहे. वृद्ध माणसाला शस्त्रक्रियेपेक्षा अंथरुणावर पडून राहणे झेपत नाही. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, भूक आणि मन दोन्ही खचते. म्हणून मोड लक्षात आल्यापासून शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी आणि दुसऱ्या दिवशी माणसाला आधाराने उभे करावे, अशी आजची पद्धत आहे. मोडीचा उपचार झाला की हाडांच्या ठिसूळपणाचाही उपचार मागून घ्या. खुब्याचे हाड किरकोळ पडण्याने मोडले, एवढ्यावरूनच ठिसूळपणा सिद्ध होतो. डेक्सा नावाच्या तपासणीने तो मोजता येतो आणि त्यावर गोळ्या व इंजेक्शने दोन्ही उपलब्ध आहेत. हा उपचार राहून गेला, तर पुढच्या घसरण्यात दुसरा खुबा मोडण्याची भीती असते. त्या का पडल्या, हेही शोधा. न्हाणीतील शेवाळ, रात्रीचा अंधार, मोतीबिंदू, रक्तदाबाची गोळी घेतल्यावर उठताना येणारी घेरी, यांपैकी काहीतरी हाती लागेल. न्हाणीच्या भिंतीला लोखंडी दांडी बसवायला गावातला गवंडी एक दुपार घेतो.

तुमच्या मुलाच्या बाबतीत गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला, हे वाचून मला बरे वाटण्याऐवजी काळजी वाटली. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या नसा काही अंशी एकच असतात, त्यामुळे मुले खुब्याचे दुखणे गुडघ्यात सांगतात. खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तिथे दुखते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याच्या गुडघ्याचे तीन एक्स-रे तीन ठिकाणी काढून झाले होते आणि शाळा चुकवण्यासाठी नाटक करतो, म्हणून घरी मारही खाल्ला होता. तो टेबलावर चढताना त्याच्या चपला खाली पडल्या. डाव्या चपलेची टाच जवळजवळ नवी होती आणि उजवीची झिजून चपटी झाली होती; म्हणजे कित्येक आठवडे त्याने डाव्या पायावर पुरता भार दिलाच नव्हता. त्याला उताणे निजवून पाय सरळ ठेवला आणि मांडीवर तळहात ठेवून पोळी लाटताना लाटणे फिरते तसा तो पाय हलकेच आत-बाहेर फिरवला. उजवा पाय सैल फिरला. डावा आतल्या बाजूला अर्ध्यावर अडला आणि मुलाने डोळे मिटून घेतले. गुडघ्याला कोणी हातही लावला नव्हता. खुब्याचा एक्स-रे काढला, तेव्हा चेंडू एका बाजूने बसका झालेला दिसला.

त्या आजाराला पर्थीस म्हणतात. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पटींनी अधिक, खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होतो आणि ते हाड मऊ पडते. १९१० मध्ये तीन देशांतील तीन डॉक्टरांनी तो स्वतंत्रपणे वर्णिला. तो का होतो, याचे पूर्ण उत्तर मात्र अजून मिळालेले नाही. दिलासा असा की रक्तपुरवठा आपोआप परत येतो आणि दोन ते चार वर्षांत हाड पुन्हा भरते. मधल्या काळात मऊ चेंडू दबून वेडावाकडा होऊ नये, म्हणून त्याला वाटीच्या आत सुरक्षित राखणे हेच सारे उपचाराचे सूत्र आहे. वय जितके कमी, तितका चेंडू पुन्हा गोल होण्यास वाव अधिक. सात वर्षे हे वय कडेचे आहे, म्हणून तीन आठवड्यांचे तीन महिने होऊ देऊ नका. एक्स-रे दोन प्रकारे काढावा लागतो : एक पाय सरळ ठेवून आणि दुसरा बेडकासारखे पाय बाहेर पसरून. अगदी सुरुवातीला दोन्ही चांगले येऊ शकतात. लंगडणे चालू राहिले तर काही आठवड्यांनी पुन्हा काढावेत किंवा एमआरआय करावा.

अर्थात तुमच्या मुलाला पर्थीसच आहे, असे मी इथून म्हणू शकत नाही. या वयात खुबा दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण अगदी निरुपद्रवी असते : सर्दी-खोकल्यानंतर सांध्याच्या अस्तराला तात्पुरती सूज येते, मूल दोन दिवस पाय टेकत नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत अंगणात धावू लागते. तीन आठवडे उलटल्यामुळे मी तुमच्या बाबतीत त्यावर विसंबून राहणार नाही. आपल्याकडे सांध्याच्या क्षयरोगाचाही विचार करावाच लागतो. संध्याकाळची कणकण, घटणारे वजन, घरात किंवा शेजारी कोणाला क्षय झालेला असणे, आणि मुख्य म्हणजे झोपेत मध्येच किंचाळून उठणे, ही त्याची चिन्हे. दिवसभर मुलाचे स्नायू आखडून सांध्याला जपतात, गाढ झोपेत ते सैल पडतात आणि सांधा हलताच कळ जाते, म्हणून ते रडत उठते. क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि वेळेवर सुरू झाली तर सांधा वाचतो. मूल फिकट दिसत असेल, अंगावर विनाकारण निळे डाग उठत असतील, तर रक्ताची पूर्ण तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

आणि एक गोष्ट तुमच्या शाळेतील सर्व पालकांना सांगा. मुलाला जोराचा ताप आहे, पाय अजिबात टेकत नाही आणि पाय हलवू देत नाही, असे तिन्ही एकत्र असेल, तर सकाळची वाट पाहू नये. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि पू कूर्चेला, म्हणजे सांध्यातील हाडांवरच्या गुळगुळीत थराला, थोड्याच दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, खाऊन टाकतो. तो त्याच रात्री शस्त्रक्रियेने काढावा लागतो. तुमच्या सातवी-आठवीच्या वर्गांतही लक्ष असू द्या. दहा ते सोळा वर्षांचे, बहुधा अंगाने जाड मूल मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणत पाऊल बाहेर टाकून चालू लागले, तर हाड जिथून वाढते त्या वाढीच्या पट्टीवरून खुब्याचा चेंडू हळूहळू घसरत असण्याची शक्यता असते. अशा मुलाला कवायत करायला लावू नये, चालवतही नेऊ नये. एक्स-रेत घसरण दिसली तर स्क्रू घालून चेंडू तिथेच थोपवतात.

यजमानांच्या बाबतीत जांघेतील कळ आणि मांडी घालता न येणे, ही दोन्ही चिन्हे सरळ सांध्याकडे बोट दाखवतात. टेम्पो चालवण्याने पाठ धरते, मणक्यातून कुल्ल्यात आणि पायात कळ जाते, हे खरे. पण त्याने माणसाची मांडी घालण्याची क्षमता सहसा जात नाही. तीस ते पन्नास या वयात, पुरुषांत अधिक, मी पहिली शंका घेतो ती चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होण्याची. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. लहान मुलांतील पर्थीसशी हा वरवर सारखा वाटेल, पण मोठ्या माणसाचे हाड मुलासारखे आपोआप भरून येत नाही. ते आतून पोकळ होत जाते आणि एके दिवशी अंड्याच्या कवचासारखे वरून खचते.

त्याची दोन मोठी कारणे म्हणजे स्टेरॉइड आणि दारू. तुम्ही दोहोंविषयी काही लिहिलेले नाही. तरीही विचारतो, कारण हे प्रश्न बायकोने नवऱ्याला विचारायचे राहून जातात आणि नवरा डॉक्टरला खरे सांगत नाही. दमा, त्वचारोग, संधिवात अशा एखाद्या आजारासाठी त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या का? कोविडच्या काळात इस्पितळात होते का? तेव्हा दिलेल्या स्टेरॉइडने हजारो जीव वाचवले आणि ते देणे योग्यच होते. पण ते घेतलेल्यांपैकी ज्याची जांघ नंतर दुखू लागली, त्याने तपासून घ्यायला हवे. आणि तिसरे म्हणजे आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला मिळणाऱ्या, नाव-लेबल नसलेल्या ‘वाताच्या पुड्या’ ते घेतात का? अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळते, म्हणूनच दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते. महिनोन्महिने चालू असलेली पुडी एकदम बंद करू नका, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे तोवर मंदावलेले असते आणि अचानक बंद केल्याने माणूस कोसळू शकतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करा. विदर्भातील आणि नंदुरबारकडील वाचकांनी याच यादीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार धरावा. त्या आजारात हे दुखणे विशीच्या आतही सुरू होते.

एव्हीएनमध्ये साधा एक्स-रे उशिरा बोलतो. ‘एक्स-रे नॉर्मल’ हे शब्द ऐकून चार-सहा महिने वेदनाशामक गोळ्यांवर काढलेले रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा चेंडू खचून गेलेला असतो. म्हणून यजमानांचा एक्स-रे चांगला आला तरी दोन्ही खुब्यांचा एमआरआय करण्याविषयी डॉक्टरांना विचाराच. दोन्ही, कारण न दुखणाऱ्या बाजूलाही पुष्कळदा आजार सापडतो. चेंडू खचण्याआधी निदान झाले, तर हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्यासारख्या लहान शस्त्रक्रियेने स्वतःचा सांधा राखण्याची संधी असते. खचल्यावर बहुतेकदा सांधा बदलण्याचाच मार्ग उरतो. तो मार्गही वाईट नाही. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा छोटा चेंडू आणि प्लास्टिकची वाटी यांची जोडी यशस्वी करून दाखवल्यापासून ही शस्त्रक्रिया भरवशाची झाली आहे, आणि दुखण्याने झोप उडालेली माणसे तिच्यानंतर कामावर परततात. तरी त्रेचाळिसाव्या वर्षी बसवलेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो आणि मांडी घालण्यावर, उकिडवे बसण्यावर मर्यादा येऊ शकतात, म्हणून स्वतःचा सांधा जितका टिकेल तितका टिकवावा. कारण कोणतेही निघो, त्यांनी सध्या पोती उचलणे थांबवावे, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध म्हणजे डाव्या हातात धरावी आणि दारू घेत असतील तर ती पूर्ण सोडावी.

आता तुम्ही. कुशीवर झोपल्यावर कमरेच्या बाजूचे हाड दुखते, जिना चढताना तिथेच कळ येते, पण मांडी घालता येते आणि जांघ दुखत नाही, असे असेल तर तुमचा सांधा बहुधा चांगला आहे. चाळिशी ते साठीच्या स्त्रियांत या बाजूच्या हाडावर चिकटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या शिणतात आणि त्यांच्यालगतची गादी सुजते. फळ्यापाशी तासन्‌तास एका पायावर भार देऊन उभे राहणे, खुर्चीत पायावर पाय टाकून बसणे, यांनी त्या दोऱ्या हाडावर घासत राहतात. दोन्ही पायांवर सारखा भार द्या. उजव्या कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या, म्हणजे वरचा डावा पाय खाली लोंबकळून त्या दोऱ्या ताणणार नाही. फिजिओथेरपिस्टकडून कुल्ल्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्या आणि निदान तीन महिने नेमाने करा. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसत नाही, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. तिथे घेतलेल्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण तो पुष्कळदा काही आठवड्यांपुरताच असतो. दोन्ही मांड्या आणि बरगड्याही दुखत असतील, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागत असतील, तर ड जीवनसत्त्व तपासा. ते कमी निघाले तर डॉक्टर आठवड्याला एक याप्रमाणे साठ हजार युनिटची मात्रा ठरावीक आठवडे देतात. ती मनाने वर्षभर चालू ठेवू नये, कारण जास्तीच्या मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

तुमच्या पत्रात नसलेली दोन वये उरतात, आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तीही लिहितो, कारण गावात लोक तुम्हाला विचारतील. एक तान्ह्या बाळाचे. काही बाळांचा खुबा जन्मतःच वाटीत नीट बसलेला नसतो. मुलगी, पायाळू गर्भ, पहिले अपत्य किंवा घरात कोणाला तसा त्रास असणे, यांत शक्यता वाढते. बाळाला दुखत नाही, म्हणूनच ते लक्षात येत नाही; लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर न उघडणे, एवढीच खूण असते. पहिल्या सहा महिन्यांत सोनोग्राफीने निदान होऊन पट्ट्यांच्या साध्या आधाराने बहुतेक खुबे जागेवर येतात, तर चालायला लागल्यावर कळले तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधणे सोडावे. मूल मान धरू लागले की त्याला पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी सवय खुब्याला चांगली आहे. तिच्यात चेंडू वाटीत नीट बसतो.

दुसरे वय विशीचे. आपल्याकडे पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी मुले पहाटे डांबरी रस्त्यावर एकदम धावू लागतात. मुलींना ८०० मीटर असते. चार-सहा आठवड्यांत एखाद्याची जांघ धावताना दुखते आणि थांबल्यावर राहते. तो उसण भरली समजून पट्टा बांधून धावतच राहतो. हाडाच्या मानेला ताणाची बारीक चीर गेलेली असू शकते, ती सुरुवातीच्या एक्स-रेत दिसत नाही आणि धावणे चालू राहिले तर आरपार जाते. अशा मुलाने धावणे त्याच दिवशी थांबवून एमआरआय करावा. एक भरती चुकेल, पुढची देता येईल. याच वयात कुल्ला कधी डावीकडे, कधी उजवीकडे दुखत असेल, पहाटे आखडून जात असेल आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर ती उसण नव्हे. तो मणक्याचा संधिवात असू शकतो, त्यासाठी संधिवाततज्ज्ञांकडे जावे. या रुग्णांना उशिरा निदान होण्याचे दुःख मी वारंवार पाहतो, कारण तरुण माणसाला संधिवात होतो, हेच घरात कोणी मानत नाही.

सासूबाईंना नेताना त्यांच्या रोजच्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सर्वांत आधी दाखवा. दाखल करण्याची वेळ आली, तर रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी भेटून कोणत्या उपचाराला लाभ मिळतो, ते विचारा. मुलाला दाखवताना त्याच्या रोजच्या चपला बदलू नका, त्याच घालून न्या. आणि तो गुडघा दाखवेल तेव्हा त्याला टोकू नका; डॉक्टरांना फक्त एवढे सांगा, की खुबाही पाहा.